इतरांच्या रकान्यातले सांगोले

निकालाचा दिवस म्हणजे आपल्या घरांत एक बिनमुहूर्ताचा सणच असतो. सकाळचा चहा दोनदा होतो, आंघोळी लांबतात, पोळ्या उशिरा लाटल्या जातात आणि एरवी राजकारणाला नावे ठेवणारी मंडळीही आकड्यांकडे डोळे लावून बसतात. २३ नोव्हेंबर २०२४ चा शनिवार तसाच गेला. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा. भारतीय जनता पक्षाला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१. मोठे आकडे मोठ्या अक्षरांत झळकत होते आणि त्यांच्याखाली, कोणाचे फारसे लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, ‘इतर’ नावाचा रकाना होता. या रकान्यात आपल्यापैकी कितीजणांनी डोकावून पाहिले असेल? पाहिले असते, तर तेथे एक जुने नाव दिसले असते : शेतकरी कामगार पक्ष, जागा १.

ती एक जागा म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील सांगोले. मतदारसंघ क्रमांक २५३.

ज्यांचे केस संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकत काळ्याचे पांढरे झाले, त्यांना शेतकरी कामगार पक्ष म्हणजे काय हे सांगायला नको. नव्या पिढीसाठी मात्र दोन शब्द सांगितले पाहिजेत. स्वातंत्र्याच्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती काँग्रेसमधली बहुजन समाजातील मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी हा पक्ष काढला. एके काळी काँग्रेसच्या समोर उभा राहील असा ग्रामीण महाराष्ट्रातला पक्ष हाच होता. पण ज्यांनी तो काढला तेच पुढे काही वर्षांत काँग्रेसमध्ये परत गेले. नंतर यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण मांडले आणि त्या बेरजेत या पक्षातील एकेक आकडा हळूहळू काँग्रेसच्या खात्यावर जमा होत गेला.

पक्षाची विधानसभेतली कुंडलीच मांडायची, तर ती अशी : १९६२ साली १५ जागा, १९६७ साली १९, १९७२ साली ७, १९७८ साली १३, १९८० साली ९, १९८५ साली पुन्हा १३, १९९० साली ८, १९९५ साली ६, १९९९ साली ५, २००४ साली २, २००९ साली ४, २०१४ साली ३, २०१९ साली १ आणि २०२४ साली १. उन्हाळ्यात माणगंगेचे पात्र जसे आक्रसत आक्रसत शेवटी एखाद्या डोहापुरते उरते, तसे हे झाले. आणि २०२४ साली उरलेला तो डोह नेमका सांगोल्याचा होता. हे कसे घडले, त्याचीच ही हकीकत आहे.

सांगोले कोठे आहे हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला पटकन सांगायचे तर, पंढरपुराहून मिरजेकडे आगगाडीने निघाले की वाटेत लागते. माणदेशाचा हा पूर्वेकडचा भाग. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ लिहून ज्या मुलखाची ओळख तुम्हांआम्हांला करून दिली, त्याच मुलखाचा हा शेजार. पाऊस वीस इंचांच्या आतबाहेर, तोही आला तर. ज्वारी-बाजरीची रानं, मेंढरांचे कळप, धनगरवाड्या आणि पांढरीशुभ्र, लांब शिंगांची खिल्लार जनावरे. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार नावाजलेला आहे. पुढे डाळिंब आले आणि माळरानावर लालबुंद फळांच्या बागा उठल्या. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून थेट बंगालातल्या शालिमारला निघाली, तेव्हा तिला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखविला होता. पण डाळिंबाचेही सुख निर्भेळ नाही. तेल्या रोगाने आणि खोडकिड्याने कित्येक बागा मोडल्या. या तालुक्यात जे काही उभे राहते, ते पाण्याशी आणि नशिबाशी झगडतच उभे राहते.

अशा या तालुक्यात १९६२ साली गणपतराव देशमुख नावाचा एक वकील निवडणुकीला उभा राहिला.

हा मनुष्य मूळचा सांगोल्याचाही नव्हे. जन्म १० ऑगस्ट १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात आला आणि तेथलाच झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यानंतरची ती पहिलीच विधानसभा निवडणूक. मत देण्याची रीतही बदलली होती. त्याआधी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवलेली असे आणि आपली चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची एवढेच काम असे. आता एकाच कागदावर सगळ्यांची नावे, चिन्हे आणि त्यावर शिक्का. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, काँग्रेस ऐन भरात. २६४ पैकी २१५ जागा तिने जिंकल्या. तरी सांगोल्याने शिक्का मारला तो पस्तीस वर्षांच्या या वकिलाच्या नावावर. १९६७ साली पुन्हा तेच.

आमचा वाचक चतुर आहे. तो म्हणेल, यात जातीचा हिशेब असेलच की! असेल काय, आहेच. गणपतराव धनगर समाजाचे आणि या तालुक्यात त्या समाजाची मते मोठी. हे लपविण्यात अर्थ नाही. पण नुसत्या जातीवर एखादा मनुष्य एकदा निवडून येईल, दोनदा येईल. अकरा वेळा यायला आणखी काहीतरी लागते. शिवाय जात तीच, माणूस तोच, मतदारसंघ तोच असतानाही सांगोल्याने त्याला दोनदा घरी बसविले आहे. सांगोल्याची खरी गोष्ट त्या दोन पराभवांतच आहे.

पहिला पराभव १९७२ चा. इंदिरा गांधींच्या नावाची लाट होती. बांगलादेशाचा विजय ताजा होता. काँग्रेसने राज्यात २२२ जागा मिळविल्या आणि सांगोल्यातून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. लाट इतकी मोठी असली की किनाऱ्यावरची होडी उलटायचीच, त्यात नवल नाही. नवल आहे ते पुढच्या दोन वर्षांत. त्याच वर्षी पावसाने तोंड फिरवले आणि ज्याची आठवण अजूनही आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात येते तो ७२ चा दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. जमीनजुमला असलेली माणसे खडी फोडायला बसली, मिळेल ते आयात धान्य शिजवून जगली. याच दुष्काळात मागेल त्याला काम देण्याची ती योजना जोमाने वाढली, जिचे जनक म्हणून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. १९७४ साली सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. ज्या मतदाराने दोन वर्षांपूर्वी त्यांना नाकारले होते, त्यानेच त्यांना पुन्हा बोलावून घेतले.

त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९०. या बारा वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणाने किती कोलांट्या खाल्ल्या ते आठवून पाहा. काँग्रेस फुटली, जनता पक्ष आला आणि गेला, वसंतदादांचे सरकार पडले, शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दल आले, तेही बरखास्त झाले, अंतुले आले, गेले, बाबासाहेब भोसले आले, गेले. मुंबईच्या मंत्रालयातील नावाच्या पाट्या रंगवणाऱ्याला उसंत नव्हती. सांगोल्यात पाटी बदलायचे काम पडले नाही. गणपतराव या काळात पवारांच्या १९७८ च्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, त्याआधी विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. पण त्यांची प्रसिद्धी मंत्री म्हणून झाली नाही, ती झाली यष्टीतून मुंबईला अधिवेशनाला जाणारा आमदार म्हणून. आपल्याकडे साधेपणाचे कौतुक जरा जास्तच होते आणि यष्टीने जाणारा मनुष्य तेवढ्यामुळे चांगला आमदार ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण यष्टीत बसणाऱ्या आमदाराच्या शेजारी कोणीही येऊन बसू शकतो आणि सहा-सात तास त्याच्या कानाशी आपले गाऱ्हाणे लावू शकतो. मोटारीत ती सोय नसते.

मग आला १९९५ चा मार्च.

राज्यात शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांची युती प्रथमच सत्तेवर येत होती. काँग्रेस ८० जागांवर आली. म्हणजे वारे काँग्रेसच्या विरुद्ध होते. आणि सांगोल्यात मात्र याच वर्षी काँग्रेसचा उमेदवार जिंकला! शहाजीबापू पाटील त्यांचे नाव. त्यांनी गणपतरावांना हरवले ते १९२ मतांनी.

१९२ हा आकडा क्षणभर डोळ्यांसमोर आणा. यष्टीच्या एका गाडीत अठ्ठेचाळीस माणसे धरली, तर बरोबर चार गाड्या भरतील एवढी ही माणसे. गिरगावातल्या एखाद्या मोठ्या चाळीत याहून जास्त बिऱ्हाडकरू निघतील. आणि हिशेब आणखी बारकाईने केला तर आकडा याच्याही निम्म्यावर येतो. कारण मत एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला घातले की अंतर दोनाने तुटते. म्हणजे या १९२ पैकी ९७ जणांनी त्या दिवशी शिक्का दुसऱ्या चिन्हावर मारला असता, तर निकाल उलटा लागला असता. ९७ माणसे! एका लग्नाच्या पंगतीतली एक ओळ. सासुरवाडीला गेलेली एखादी लेक, पंढरपूरला गेलेली एखादी दिंडी, गोठ्यात विणारी गाय सोडून केंद्रावर न आलेला एखादा शेतकरी, एवढ्यावर तीसहून अधिक वर्षांचे आमदारपण गेले.

‘माझ्या एका मताने काय होणार’ असे म्हणून मतदानाच्या सुट्टीत लोणावळा-माथेरान गाठणाऱ्या आपल्या शहरी मंडळींनी सांगोल्याचा हा आकडा घरात लिहून ठेवायला हरकत नाही. पण तो उपदेश मी करीत बसत नाही, कारण सांगोल्याच्या मतदाराने तो ऐकायचे कारणच नव्हते. तो मतदान करीतच होता. त्याने दोन जवळजवळ सारखे ढीग घातले होते, एवढेच.

असे का झाले? याचे एक उत्तर जे विरोधक देत आले, तेच बहुधा खरे आहे. तीस वर्षे एकच आमदार, आणि पाणी कोठे आहे? हा प्रश्न सांगोल्यात कोणीही विचारू शकत होता आणि त्याचे उत्तर सोपे नव्हते. येथे जरा थांबून या पाण्याचा नकाशा समजून घेतला पाहिजे, नाहीतर ही सारी निवडणूक-कथा नुसती हार-जितीची जंत्री होईल.

सांगोल्याचे दुर्दैव असे, की हा तालुका प्रत्येक कालव्याच्या शेपटाला आहे. नीरेचा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करीत करीत येतो, शेवटी सांगोले. कऱ्हाडजवळच्या टेंभूला कृष्णेचे पाणी उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवायचे, ते कडेगाव, खानापूर, आटपाडी करीत येणार, शेवटी सांगोले. म्हैसाळहून पाणी उचलायचे, ते मिरज, कवठेमहांकाळ, जत अशा वाटेने येणार आणि टोकाला पुन्हा सांगोले. सार्वजनिक नळाला रांगेत शेवटी उभे राहण्याचा अनुभव ज्या गृहिणींना आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. पुढच्याची घागर भरेपर्यंत नळ जातो.

त्यात आमदार विरोधी पक्षाचा. पुढच्या तालुक्यांचे आमदार सत्तेतले, साखर कारखान्यांचे धनी, आणि ऊस तर पाणी पिणारा गडी. जो आमदार सत्तेच्या पंगतीत बसत नाही, त्याच्या पानात वाढपी शेवटी येतो, हा आपल्या लोकशाहीतला अनुभव. मग सांगोल्याने सत्तेचा माणूस का पाठवू नये? हा विरोधकांचा युक्तिवाद होता आणि तो काही मूर्खपणाचा नव्हता. १९९५ साली निम्म्या तालुक्याला तो पटला. गंमत अशी की सांगोल्याने सत्तेच्या पक्षाचा म्हणून जो आमदार निवडला, त्याचा पक्ष त्याच वर्षी सत्तेवरून उतरला. शेपटाला असलेल्या तालुक्याचे नशीबसुद्धा शेपटालाच असते की काय, कोण जाणे.

गणपतरावांची बाजूही ऐकली पाहिजे. नळाच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला दोन मार्ग असतात. पुढच्याच्या ओळखीने मध्ये घुसायचे, किंवा रांगेचा नियमच बदलायला लावायचा. त्यांनी दुसरा धरला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर त्यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. आटपाडीला ती भरत असे आणि तिचे म्हणणे साधे होते : कृष्णेचे पाणी नदीकाठाच्या बापजाद्यांचे नाही, ते समान वाटले पाहिजे. वर्षानुवर्षे तेच ठराव, तीच मागणी. शहरातल्या माणसाला याचा कंटाळा येईल. पण पाण्याचे राजकारण हे दळणासारखे असते, जाते फिरत राहिले तर पीठ पडते, तेही बारीक. टेंभूचे आणि म्हैसाळचे पाणी सांगोल्याच्या शिवारात आले, पण ज्यांनी पहिल्या परिषदेला सतरंजीवर बैठक मारली होती, त्यांतल्या कित्येकांचे तोपर्यंत नातू शेती पाहू लागले होते.

दुसरी गोष्ट सूतगिरणीची. सांगोल्यात कापूस पिकत नाही. तरी तेथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. नंतर बायकांसाठी वेगळी गिरणीही निघाली. ज्या महाराष्ट्रात कापूस पिकणाऱ्या मुलखातल्या कित्येक गिरण्यांच्या चाकांवर गवत उगवले, त्याच महाराष्ट्रात हे घडले, हे विसरू नये. ज्या तालुक्यातून माणसे खडी फोडायला बाहेर पडत होती, त्याच तालुक्यातल्या घरांत महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला, याचे मोल दुष्काळ न पाहिलेल्याला कळणार नाही.

१९९९ साली गणपतराव पुन्हा जिंकले. आणि आता अंकगणित असे फिरले की रांगेतला शेवटचा माणूस एकदम पुढे आला. राज्यात काँग्रेसला ७५ आणि नव्या राष्ट्रवादी काँग्रेसला ५८, मिळून १३३. सरकार बनवायला हवेत १४५. लहान पक्षांच्या मनधरण्या सुरू झाल्या आणि शेतकरी कामगार पक्षाच्या पाच आमदारांना सोन्याचा भाव आला. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतरावांकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या तालुक्याने खडी फोडली, त्याचाच प्रतिनिधी रोजगार हमीचा मंत्री! पण हा योगही फार टिकला नाही. २००२ च्या जूनमध्ये त्यांच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि गणपतराव पुन्हा आपल्या जुन्या बाकावर येऊन बसले. भांडण रायगडातल्या राजकारणाचे, आणि मंत्रिपद गेले ते सांगोल्याचे. मला विचाराल तर, पक्षनिष्ठेची ही किंमत तालुक्याने भरली आणि पावतीही मागितली नाही, हे जरा जास्तच झाले. पण त्यांना तसे वाटले नसावे. २००४, २००९ आणि २०१४ या तिन्ही निवडणुकांत सांगोल्याने त्यांनाच पाठविले.

२०१४ चे तर विशेष. चारी मोठे पक्ष वेगवेगळे लढत होते, दिल्लीची नवी लाट होती, पैशांचा आणि प्रचाराचा धूर कोंडला होता. त्यात अठ्ठ्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा निवडून आला. ज्या मुलाने १९६२ साली एकविसाव्या वर्षी आपले पहिले मत यांना दिले असेल, तो आता त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता. मधल्या काळात मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले होते आणि कागदाच्या जागी यंत्राचे बटण आले होते. सांगोल्यातली कित्येक घरे अशी असतील की जेथे आजा, बाप आणि नातू या तिघांनीही आयुष्यातले पहिले मत याच एका नावाला दिले. १९७४ ची पोटनिवडणूक धरून ही अकरावी वेळ, दर वेळी पक्ष तोच.

आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. सांगोल्यात गणपतराव म्हणजे ‘आबासाहेब’. शहाजी पाटील म्हणजे ‘बापू’. राष्ट्रवादीतून आणि पुढे ठाकरे यांच्या शिवसेनेतून लढलेले दीपक साळुंखे हेही ‘आबा’च. या तालुक्यात पक्षांची नावे लोकांना पाठ असोत वा नसोत, आबा-बापू पाठ असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांवर रागावावे, अबोला धरावा आणि पुन्हा त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसावे, तसा हा कारभार.

२०१९ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी आबासाहेबांनी उभे राहायचे नाही असे ठरविले. त्यांच्या जागी नातू, डॉक्टर अनिकेत देशमुख, उभे राहिले. समोर तेच जुने प्रतिस्पर्धी शहाजीबापू, पण आता शिवसेनेचे. १९९५ नंतर पराभवावर पराभव पाहिलेला हा गृहस्थ. चिवटपणात तोही आबासाहेबांचाच तालुकाबंधू म्हणायचा. दोघांनाही लाखाच्या काठावरची मते पडली आणि शहाजीबापू जिंकले ७६८ मतांनी. पुन्हा आपला तो हिशेब लावून पाहा : ३८५ माणसांनी मन बदलले असते, तर चित्र निराळे दिसले असते. जवळजवळ दोन लाख मतांत ३८५! सांगोल्याचा तराजू हा असा आहे. एका पारड्यात चिमूटभर अधिक पडले की काटा कलतो.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. चौऱ्याण्णव वर्षांचे आयुष्य. त्यातली पन्नासांहून अधिक वर्षे आमदारकीची.

त्याच्या पुढच्या वर्षी सांगोल्याचे नाव साऱ्या देशात गाजले, ते मात्र अगदीच निराळ्या कारणाने. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेतले आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला गेले, त्यांत शहाजीबापूही होते. तेथून त्यांनी कोणाशी तरी दूरध्वनीवर केलेले बोलणे घरोघर ऐकले गेले : ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’. महाराष्ट्र पोट धरधरून हसला. त्यावर गाणी झाली, लग्नाच्या वरातीत ती वाजली. मलाही हसू आले. पण नंतर मनात आले, की ज्याचा जन्म माणदेशच्या उघड्या माळावर गेला, त्याला हिरवी झाडी पाहून प्रथम झाडीच आठवावी यात हसण्यासारखे खरोखर काय आहे? हाटेलाचे सोडून द्या. झाडीचे आश्चर्य मात्र अस्सल सांगोल्याचे होते.

मतदाराने ते बोलणे कसे घेतले, हे २०२४ च्या निकालाने दाखवून दिले. या वेळी लढत तिहेरी. एकीकडे शहाजीबापू, शिंदे यांच्या शिवसेनेचे. दुसरीकडे दीपक साळुंखे, ठाकरे यांच्या शिवसेनेचे. महाविकास आघाडीत असूनही शेतकरी कामगार पक्षाला ही आपली हक्काची जागा सोडलेली नव्हती, म्हणजे मित्रांनीच उमेदवार उभा केला होता. आणि तिसरे बाबासाहेब देशमुख, हेही गणपतरावांचे नातू आणि डॉक्टरच. राज्यभर महायुतीचा पूर आलेला. शहाण्या माणसाने या तिसऱ्या उमेदवारावर पैज लावली नसती. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

आजोबांच्या पुण्याईवर नातवाने निवडून यावे, हे काही लोकशाहीचे भूषण नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. महाराष्ट्रात वाड्यावाड्यांतून हेच चालले आहे. एवढेच म्हणेन की सांगोल्याच्या या घराला वारसा म्हणून कारखाना मिळालेला नव्हता, पाच वर्षांपूर्वी याच घरातल्या एका नातवाला याच मतदाराने ७६८ मतांनी परत पाठविले होते, आणि ज्या पक्षाच्या नावावर उभे राहायचे, त्या पक्षाकडे राज्यात दुसरी एकही जागा उरणार नव्हती. सत्तेचा माणूस पाठवावा की आपला, हा १९९५ चा प्रश्न सांगोल्याने २०२४ साली पुन्हा सोडवायला घेतला आणि या वेळी उत्तर निराळे लिहिले. पुढच्या वेळी काय लिहील, ते सांगता येत नाही. याच पाटीवर त्याने दोन्ही उत्तरे लिहून पुसलेली आहेत.

निकाल लागला तो शनिवार होता, हे मी आरंभीच सांगितले. दुसरा दिवस रविवार, म्हणजे सांगोल्याच्या बाजाराचा दिवस. बाजारात खिल्लार खोंडाचे दात मोजून, शेपूट ओढून, चार पावले चालवून पाहिल्याशिवाय सांगोल्याचा शेतकरी पैसे काढीत नाही. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.